माती धरते म्हणजे नेमकं काय करते?

काळ्या मातीतला कॅल्शियम काढून तिच्यात सोडियम भरला की ती पाण्यात खाली बसायलाच तयार होत नाही. रात्रभर उभ्या नळकांड्यात ठेवा, सकाळी पाणी तसंच गढूळ असतं. त्याच गढूळ पाण्यात लॅन्थेनम या दुर्मिळ मृदा धातूच्या नायट्रेटच्या विरल द्रावणाचे थेंब सोडले की बघता बघता पुंजके धरायला लागतात. आधी काचेजवळ बारीक कण दिसतात, मग ते एकमेकांना चिकटत मोठे होतात आणि सरळ खाली उतरतात. वर नितळ पाणी राहतं. वर्गात मी हे बरीच वर्षं शुल्झ-हार्डी नियम म्हणून फळ्यावर शिकवत होते. आयनावरचा विद्युतभार जितका जास्त, तितका तो गढूळपणा लवकर मोडतो. एक भाराचा सोडियम, दोन भारांचा कॅल्शियम, तीन भारांचा लॅन्थेनम. पण आपल्याच शिवारातल्या मातीवर ते घडताना पाहणं वेगळं.

आमचं घर पूर्णेच्या खोऱ्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून गेलेल्या खारपाणपट्ट्यातलं. इथे विहिरीचं पाणी खारट, जमीन चोपण. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, दिवसच्या दिवस वावरात उभं राहतं. बाबा जमेल तेव्हा जिप्सम टाकायचे. जिप्सममधला कॅल्शियम मातीतल्या सोडियमला बाजूला सारतो, माती पुंजके धरते आणि पाणी खाली उतरायला वाट मिळते. मी घरी लॅन्थेनमचं वर्णन केलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हंजे जिप्समचंच काम हाय ते. तू ते बाटलीत पायून रायली." अगदी बरोबर. माझ्या सगळ्या प्रबंधाचा पहिला परिच्छेद त्यांनी तिथेच सांगून टाकला होता.

मी तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते आणि पीएच.डी.साठी एका प्रश्नावर काम करते: दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं चिकणमातीच्या थरांवर कशी धरली जातात. किती धरली जातात हे मोजणारे प्रबंध पुष्कळ आहेत. मला "कशी" हे हवं होतं, कारण धरलेलं परत सुटणार की नाही हे त्यावरच ठरतं.

ही मूलद्रव्यं सतरा: लॅन्थेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व इट्रियम. नाव दुर्मिळ असलं तरी सिरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतका आहे आणि लॅन्थेनम शिशापेक्षा जास्त. ती एका जागी साठून सापडत नाहीत आणि सापडली तरी एकमेकांपासून वेगळी होत नाहीत, अडचण ती आहे. पवनचक्कीच्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या चुंबकांत निओडिमियम लागतं, ते चुंबक तापल्यावरही टिकावं म्हणून डिस्प्रोशियम लागतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने डिस्प्रोशियम, टर्बियम, इट्रियम धरून सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि जो तो या विषयावर बोलायला लागला. मी त्याआधीच मातीत हात घातलेला होता.

कामाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे माती साफ करणं. याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

नमुना नांगरटीच्या थराखालून घ्यायचा. वरच्या थरात खत, काडीकचरा, राख सगळं मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात आमच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे खोल खणायला त्रास होत नाही. ढेकळं सावलीत वाळवून, लाकडी मोगरीने फोडून चाळायची. लोखंडी खलबत्ता नको, त्याचे कण मिसळतात. मग पहिली पायरी चुनखडीची. आमच्या मातीत ती भरपूर. ती काढायला तीव्र आम्ल ओतण्याचा मोह होतो, पण तीव्र आम्ल चुन्याबरोबर मातीचे थरही खातं. म्हणून पाच सामूचं (pH 5) सोडियम अ‍ॅसिटेटचं बफर वापरायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. दुसरी पायरी सेंद्रिय पदार्थांची, हायड्रोजन पेरॉक्साइडने. काळ्या मातीत मँगनीजचे ऑक्साइड असतात आणि ते पेरॉक्साइडला भराभर फोडतात, त्यामुळे बीकर असा फसफसून वर येतो की मोठं भांडं घेतल्याशिवाय इलाज नाही. तिसरी पायरी लोहाच्या ऑक्साइडची, डायथायोनाइट आणि सायट्रेटने. ही टाळून चालत नाही. लोहाचा तो पातळ लेप मातीच्या कडांवर बसलेला असतो आणि तो स्वतःच लॅन्थेनमला धरतो. तो ठेवला तर आपण माती मोजतोय की गंज, हे सांगता येणार नाही.

मग बारीक कण वेगळे करायचे. दोन मायक्रॉनपेक्षा लहान तेवढेच चिकणमातीचे. स्टोक्सच्या नियमाने 20 अंश तापमानाला दोन मायक्रॉनचा कण पाण्यात दहा सेंटिमीटर खाली जायला सुमारे आठ तास घेतो. पुस्तकातल्या तक्त्यांत हेच आठ तास छापलेले असतात. पण आमच्या प्रयोगशाळेत पाणी 20 अंशांचं क्वचितच असतं. 30 अंशांना पाणी पातळ होतं आणि तेच अंतर साधारण साडेसहा तासांत कापलं जातं. विदर्भात हे काम करणाऱ्याने आधी पाण्यात थर्मामीटर बुडवावा, मग घड्याळ लावावं. वेळ झाली की वरचं दहा सेंटिमीटर पाणी नळीने अलगद ओढून घ्यायचं. त्यात आपली माती.

शेवटी तिला मिठाच्या तीव्र द्रावणात वारंवार धुऊन सोडियमची करायची आणि जास्तीचं मीठ डायलिसिसच्या पिशवीत भरून काढून टाकायचं. पिशवीबाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहायचा. पांढरट ढग दिसला की अजून क्लोराइड आहे, पाणी बदला. ढग दिसेनासा झाला की माती तयार. आता ती पाण्यात खाली बसत नाही आणि सेंट्रिफ्यूजलाही दाद देत नाही. हट्टीपणा आला की समजावं, काम चांगलं झालंय.

ही माती आहे तरी कशी? बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या आपल्या काळ्या जमिनीत मुख्य खनिज स्मेक्टाइट गटातलं, त्यातलं ओळखीचं नाव माँटमोरिलोनाइट. शेतकऱ्याला ते बेंटोनाइट या रूपात माहीत आहे, कारण गंधकाच्या दाणेदार खतात ते घातलेलं असतं आणि पाणी लागल्यावर ते फुगून दाणा फोडतं. त्याचा एक थर म्हणजे सिलिकाचे दोन पत्रे आणि त्यांच्या मधोमध अ‍ॅल्युमिनाचा एक. स्फटिक तयार होतानाच काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, कुठे सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम. तीन भारांच्या जागी दोन, चारच्या जागी तीन. त्यामुळे थरावर कायमचा ऋणभार राहतो. तो भागवायला दोन थरांच्या मध्ये धनभाराचे आयन पाण्यासकट येऊन बसतात. हे आयन बदलता येतात. जिप्समचं काम त्यावरच चालतं.

क्ष-किरण विवर्तनाची, म्हणजे थरांमधलं अंतर मोजण्याची, सोय आमच्याकडे नाही. काचपट्टीवर मातीचा पातळ थर वाळवून नमुने मोठ्या संस्थेत पाठवावे लागले. आकडे पुस्तकाला धरून आले: सोडियमची माती हवेत वाळवली तर दोन थरांमधलं अंतर सुमारे 1.25 नॅनोमीटर, ग्लायकॉलच्या वाफेत ठेवल्यावर 1.7 च्या आसपास. हे 1.7 आलं की स्मेक्टाइट पक्कं. आणि लॅन्थेनम भरल्यावर 1.5. म्हणजे लॅन्थेनम नुसता पृष्ठभागाला लागलेला नव्हता, तो थरांच्या आत शिरला होता, पाण्याचे दोन पदर घेऊन. त्या आलेखातलं ते शिखराचं सरकलेलं टोक मी किती वेळा पाहिलं असेल सांगता येत नाही.

तुलनेसाठी केओलिन घेतली, आपली चिनी माती. तिच्यात सिलिकाचा एक पत्रा आणि अ‍ॅल्युमिनाचा एक. अंतर 0.7 नॅनोमीटर, आत शिरायला वावच नाही. जे काही धरायचं ते बाहेरून आणि कडांवर.

आता गणित. माँटमोरिलोनाइटची आयन बदलण्याची क्षमता शंभर ग्रॅमला साधारण 80 ते 120 मिलीइक्विव्हॅलंट (बदलता येणारे भार मोजायचं एकक). मध्यावरची 100 धरा. लॅन्थेनम तीन भारांचा, म्हणजे एक आयन तीन सोडियमना उठवतो. अणुभार 139. तेव्हा एका ग्रॅम मातीत थरांच्या आत जास्तीत जास्त 46 मिलिग्रॅम लॅन्थेनम मावेल. केओलिनची क्षमता 3 ते 15. पाच धरली तर सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम. हा आडाखा आधी कागदावर मांडून मगच मी मोजायला बसत असे. वहीतला आकडा 46 च्या फार पुढे गेला तर समजायचं की लॅन्थेनम मातीने धरलेला नाही, हायड्रॉक्साइड होऊन तळाशी साचलाय. सामू सातच्या वर गेला की ती भीती असतेच.

मोजणी मात्र आमच्याच खोलीत झाली, द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर. आर्सेनॅझो-3 नावाचं रंगद्रव्य आम्लधर्मी बफरमध्ये गुलाबी-जांभळं दिसतं. लॅन्थेनम भेटला की ते निळसर होतं आणि 650 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषायला लागतं. माती आणि लॅन्थेनमचं द्रावण घातलेली नळी शेकरमधून, म्हणजे ती सतत हलवणाऱ्या यंत्रातून, काढायची, सेंट्रिफ्यूज करायची, वरचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून घ्यायचं, त्यात रंग टाकायचा. क्युव्हेट (मोजणीची छोटी नळी) निळा झाला तर लॅन्थेनम पाण्यातच राहिलाय. गुलाबी राहिला तर मातीने घेतलाय. रीडिंगच्या आधीच डोळ्यांना उत्तर कळतं. माझे बी.एस्सी.चे विद्यार्थी या वेळी हमखास जमा व्हायचे आणि आपापसांत अंदाज लावायचे. मातीशिवाय नुसतं द्रावण भरलेली नळीही प्रत्येक वेळी सोबत ठेवायची, कारण लॅन्थेनम काचेलाही लागतो. म्हणून नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या.

शेकर चोवीस तास चालायला हवा. कृषिपंपांना रात्री थ्री फेज आली की आमच्या बाजूचं व्होल्टेज पडायचं आणि शेकरचा आवाज बदलायचा. लाइन गेली तर तापमानाची नोंद करून पुन्हा सुरू करायचं. खरं तर अधिशोषणाचा, म्हणजे आयन मातीला धरले जाण्याचा, मोठा भाग पहिल्या तासाभरातच उरकतो, उरलेला वेळ ते स्थिर झालंय याची खात्री करण्यासाठी.

पाण्यात किती उरलं आणि मातीने किती धरलं याचे मिळालेले बिंदू लँगम्युरच्या समीकरणात छान बसतात. आयर्विंग लँगम्युर यांनी ते 1918 साली मांडलं, वायूंच्या एकपदरी थरासाठी. रेषा सरळ आली की बरेच जण तिथेच थांबतात: कमाल क्षमता अमुक, प्रबंध पूर्ण. मला ते पटलं नाही. सरळ रेषा "किती" सांगते. आयन थराच्या पोटात आहे की कडेला बांधला गेलाय, यावर ती गप्प असते. दोन्ही प्रकारांत रेषा सरळच येऊ शकते.

बोलतं करतं ते मीठ.

तीच माती, तेवढाच लॅन्थेनम, पण एका मालिकेत सोडियम नायट्रेट हे मीठ अगदी कमी आणि दुसऱ्या मालिकेत त्याच्या कितीतरी पट. प्रत्येकीत सामू तीनपासून सातपर्यंत हळूहळू वाढवत नेला. कमी मिठाच्या मालिकेत सामू तीनलाही मातीने लॅन्थेनम भरपूर घेतला आणि पुढे सहापर्यंत आलेख जवळजवळ आडवा राहिला. जास्त मिठाच्या मालिकेत सुरुवातीला नळ्या निळ्याच निळ्या. घेतलं फारच थोडं. पण पाचच्या पुढे आलेख उभा चढायला लागला आणि मिठाला न जुमानता चढत गेला.

याचा अर्थ एकाच मातीत धरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली थरांच्या आत: थराचा ऋणभार कायमचा, त्यामुळे सामूशी तिला देणंघेणं नाही. लॅन्थेनम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू अंगावर ठेवूनच तिथे बसतो. एसटीत गाठोडं मांडीवर घेऊन बसलेला माणूस जसा हाक मारली की उठतो, तसा हा. सोडियमची गर्दी झाली की जागा सोडतो. दुसरी तऱ्हा कडांवर. थर जिथे तुटतो तिथे सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमला लागलेले हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. सामू वाढला की त्यांचा प्रोटॉन सुटतो आणि लॅन्थेनम अंगावरचं थोडं पाणी टाकून थेट ऑक्सिजनशी बंध जोडतो. इथे सोडियमचं काही चालत नाही. केओलिनवर आत जागाच नसल्यामुळे ही दुसरी तऱ्हा जास्त ठळक दिसली.

पुढचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लॅन्थेनमपासून ल्युटेशियमकडे जाताना आयन लहान होत जातो. आयनाभोवती सहा शेजारी अणू धरले तर त्रिज्या 0.103 नॅनोमीटरवरून 0.086 वर येते. पाण्यात हलक्या, म्हणजे लॅन्थेनमकडच्या, मूलद्रव्यांभोवती नऊ रेणू असतात, ल्युटेशियमकडच्या जडांभोवती आठ. पाणी अंगावर ठेवून बसायचं असेल तर हा फरक फारसा लागत नाही: कमी मिठात आणि कमी सामूला माती जवळपास सगळ्यांना सारखंच घेते. पण कडेला बंध जोडायची वेळ आली की लहान आयनाचा भार जास्त एकवटलेला, म्हणून जड मूलद्रव्यं आधी आणि घट्ट धरली जातात. आर्सेनॅझोला लॅन्थेनम कोण आणि इटर्बियम कोण हे ओळखता येत नाही, सगळ्यांना तो निळाच होतो. म्हणून मिश्रणाचे नमुने आयसीपी-एमएससाठी, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्य वेगळं मोजणाऱ्या यंत्रासाठी, बाहेर पाठवले. जास्त मिठातल्या नमुन्यांत जड बाजू वर गेलेली दिसली, कमी मिठात आलेख सपाट. म्हणजे मीठ आणि सामू आपल्या हातात असतील तर मातीला निवड करायला लावता येते.

हे निसर्गात मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. दक्षिण चीनच्या जिआंगशी प्रांतात 1969 मध्ये असे साठे ओळखले गेले. ग्रॅनाइट भरपूर पावसात झिजला, त्यातली मूलद्रव्यं सुटली आणि खालच्या केओलिनाइट-हॅलॉयसाइटच्या मातीने ती धरून ठेवली. प्रमाण शेकडा 0.05 ते 0.2 एवढंच, पण ती सैल धरलेली आहेत. 2020 मध्ये मादागास्कर आणि चीनमधल्या नमुन्यांवर सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धकातल्या तीव्र क्ष-किरणांनी झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इट्रियमभोवती पाण्याचं कवच शाबूत दिसलं, आठ-नऊ रेणूंचं. म्हणूनच तिथे खडक फोडावा लागत नाही, अमोनियम सल्फेटचं पाणी सोडलं की ती बाहेर येतात. अमोनियम एकाच भाराचा, पण संख्येने इतका की तीन भारांच्या आयनाला उठावं लागतं. जगातली बहुतांश जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं आज दक्षिण चीन आणि म्यानमारमधल्या अशा मातीतून येतात. त्याची किंमतही तिथल्या लोकांनी मोजली आहे: डोंगरउतार घसरले, ओढे-विहिरींत अमोनिया उतरला.

मीही भरलेली माती अमोनियम सल्फेटने धुऊन पाहिली, कृषी केंद्रात मिळतं ते खत नव्हे, शुद्ध प्रतीचं. थरांतला लॅन्थेनम बराचसा परत आला. वाढत्या सामूला कडांवर बसलेला मात्र निघाला नाही, त्याला आम्ल द्यावं लागलं.

शेजारचे काका एकदा नमुन्याच्या पिशव्या पाहून म्हणाले, "का वं पोरी, आमच्या वावरात बी हायेत का ते तुह्ये महागाचे धातू?" गावात असा प्रश्न गंमत म्हणून विचारला जात नाही, जमिनीचा भाव आणि कर्ज डोक्यात असतं. म्हणून मी त्यांना नीट सांगितलं. थोडी आहेत, सगळ्याच मातीत असतात. पण आपली जमीन बेसॉल्टची, त्यात मुळातच ती कमी. शिवाय आपल्या मातीचा सामू आठच्या पुढे आणि चुनखडी भरपूर, त्यामुळे जे काही सुटतं ते कार्बोनेट-फॉस्फेट होऊन जागीच अडकतं, सैल राहत नाही. चीनमधली माती आम्लधर्मी, धो धो पावसाने धुतलेली. आपल्या वावरात खाण नाही. कोणी तसं सांगून सातबाऱ्यावर सही मागायला आला तर दारातूनच परत पाठवा. काकांनी हे दोनदा विचारून घेतलं आणि मीही दोनदा सांगितलं.

मग या मातीचा उपयोग? धरण्याचं साधन म्हणून आहे. आमच्या भागात पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि कोळशाच्या राखेत ही मूलद्रव्यं असतात. त्यांचा मोठा हिस्सा राखेच्या काचेसारख्या कणांत कोंडलेला असतो, तो आम्लाने थोडाफार सुटतो. त्या आम्लाच्या अर्कातून ती गोळा करायला माती वापरता येईल का, यावर मी आता काम करतेय. पहिली अडचण लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची. दोन्ही तीन भारांचे आणि लॅन्थेनमच्या कितीतरी पट जास्त, थरांतल्या जागा तेच भरून टाकतात. सामू साडेतीनच्या आसपास आणला की लोह गाळता येतं, पाचजवळ अ‍ॅल्युमिनियमही बसतं. पण बसताना दोघंही थोडी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं सोबत घेऊन जातात, आणि जड त्यात जास्त. सध्या सामू किती हळू वाढवला तर हे नुकसान कमी होतं ते पाहणं सुरू आहे. सामू वाढवणारा अल्क घालण्याचा वेग बदलून त्याच अर्काच्या नळ्या शेकरवर लागल्या आहेत, आणि या खेपेला रंगाऐवजी सगळे नमुने थेट आयसीपी-एमएसला जाणार आहेत, कारण लोह उरलं असेल तर आर्सेनॅझोच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही.